उजव्या अ‍ॅड्रीनलची गाठ आणि पोटातली मोठी शीर जन्मतःच वेगळी, अशा कुत्र्याचं ऑपरेशन करतात का?

तापीकाठचा (जळगाव)

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलीय, पण पूर्ण वाचून मगच सल्ला द्या ही विनंती.

आमचा मोती, डॅशहंड, वय १०, वजन ९ किलो. जळगावचा उन्हाळा तुम्हाला माहीतच आहे, पारा ४५ च्या आसपास गेला की इथलं प्रत्येक कुत्रं धापा टाकतं आणि भांडंच्या भांडं पाणी पितं, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पण मोती डिसेंबरच्या थंडीत पण तेच करत होता, पहाटे गोधडीतून उठून पाणी प्यायचा, रात्रीबेरात्री बाहेर न्यावं लागायचं, पोट सुटलं, पाठीवर दोन्ही बाजूंचे केस विरळ झाले, आणि भूक अशी की कळण्याची भाकरी चाटूनपुसून संपवली तरी ताटाजवळून हलायचा नाही. बायकोने बाटलीनं मोजून पाणी ठेवायला सुरुवात केली तर दिवसाला लिटरच्या वर जात होतं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, एएलपी (लिव्हरचं एक एन्झाइम) खूप वाढलेलं, मग डेक्सामेथासोनवाली टेस्ट केली, इंजेक्शन देऊन चार आणि आठ तासांनी परत रक्त घेतात ती. कुशिंग निघालं, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल हे हार्मोन जास्त होण्याचा आजार.

सोनोग्राफीत उजव्या अ‍ॅड्रीनलवर (किडनीजवळची हार्मोन बनवणारी ग्रंथी) साधारण ३ सेंमीची गाठ, डावी ग्रंथी एकदम बारीक. इथपर्यंत समजलं. पण रिपोर्टच्या शेवटी डॉक्टरांनी लिहिलंय की उजवी किडनी आणि लिव्हर यांच्यामध्ये जी मोठी शीर, व्हेना कावा, दिसायला पाहिजे ती दिसत नाही, आणि महाधमनीला चिकटून एक जाड शीर छातीकडे जाताना दिसते, जन्मजात फरक असू शकतो, सीटी करावा.

इथल्या एका डॉक्टरांचं म्हणणं, अशा कुत्र्याला टेबलावर घ्यायचंच नाही, गोळ्यांवर ठेवा. दुसरे म्हणतात सीटीशिवाय मी काहीच बोलणार नाही. कुणाच्या कुत्र्याचं असं काही झालंय का? गाठ काढता येते का, आणि ती शीरच वेगळ्या ठिकाणी असेल तर सर्जन नेमकं काय करतात? आणि हे सगळं उन्हाळा चढायच्या आत करावं का? घरात सगळ्यांची झोप उडालीय.

अमळनेरकर

वाईट वाटलं वाचून. ब्लडप्रेशर मोजलं का मोतीचं? ते आधी मोजून घ्या.

पशुवैद्य_धुळे

तापीकाठचा, तुमच्या सोनोग्राफीवाल्या डॉक्टरांचं कौतुक करतो, अशी बाब लक्षात येणं आणि ती लिहून देणं दोन्ही महत्त्वाचं आहे. मी धुळ्यात प्रॅक्टिस करतो, ही ऑपरेशनं मी करत नाही, पण माझे पेशंट पाठवले आहेत, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

कुशिंग असलेल्या कुत्र्यांमध्ये ८० ते ८५ टक्क्यांचं मूळ मेंदूतल्या पिट्युटरीत असतं, उरलेल्यांचं अ‍ॅड्रीनलच्या गाठीत. एक ग्रंथी मोठी आणि दुसरी सुकलेली हे चित्र गाठीच्या बाजूनं बोलतं, कारण गाठ स्वतःच भरमसाट कॉर्टिसोल सोडते, पिट्युटरी गप्प बसते आणि चांगली ग्रंथी कामच थांबवते. हे लक्षात ठेवा, ऑपरेशननंतर ह्याच गोष्टीमुळे धोका होतो, त्यावर नंतर लिहीन.

आता उजवी बाजू. डाव्या ग्रंथीला थोडी मोकळी जागा असते. उजवी मात्र व्हेना कावाला इतकी लागून असते की कधीकधी ग्रंथीचं आवरण आणि शिरेची भिंत वेगळी करता येत नाही. त्यात दोन्हीकडे ग्रंथीवरून एक शीर जाते, फ्रेनिकोअ‍ॅबडॉमिनल म्हणतात तिला, गाठ बऱ्याचदा ह्याच शिरेतून सरकत व्हेना कावात शिरते. म्हणून नेहमीच्या रचनेतही उजव्या गाठीला हात घालताना सर्जन दहा वेळा विचार करतात. तुमच्या मोतीची रचनाच वेगळी असेल तर विचार अजून जास्त. पण वेगळी रचना म्हणजे ऑपरेशन बंद असं मी म्हणणार नाही. नकाशा नसताना पोट उघडणं बंद, असं म्हणेन. सीटी अँजिओ (शिरा दिसाव्यात असा सीटी) झाल्याशिवाय हो पण म्हणू नका आणि नाही पण म्हणू नका.

अमळनेरकरांचा मुद्दा बरोबर आहे, बीपी हवंच. १६० च्या वर वारंवार येत असेल तर उपचार लागतो. लघवीतलं प्रोटीनही बघा.

भुसावळ_जंक्शन

भाऊ, धीर धर. मना भाचाना लॅब्रॅडॉरले बी गाठ व्हती, मुंबईले ऑपरेशन करं, आते मस्त शे. बाकी मराठीत लिहितो म्हणजे सगळ्यांना समजेल.

त्याची गाठ डाव्या बाजूची होती आणि वेगळ्या प्रकारची, फिओक्रोमोसायटोमा. ती कॉर्टिसोल नाही तर अ‍ॅड्रीनलिन सोडते. त्यामुळे कुत्रा बसल्याजागी अचानक थरथरायचा, छाती धडधडायची, एकदम कोसळायचा आणि थोड्या वेळानं काहीच झालं नाही असा उठून फिरायचा. तपासायला नेलं की बीपी नॉर्मल, कारण ते सारखं वाढलेलं नसतं, मधेच उसळतं. शेवटी लघवीची तपासणी बाहेर पाठवून नक्की झालं. ऑपरेशनच्या आधी एक गोळी सुरू केली होती, फिनॉक्सीबेन्झामीन, ती मिळवायलाच फार फिरावं लागलं. शिरेत काही शिरलेलं नव्हतं हे नशीब. तुमच्या केसमध्ये शीरच वेगळी म्हणताय, त्यातलं मला कळत नाही, पण मोठ्या ठिकाणी जा एवढं नक्की सांगतो.

सातपुडा_वारा (यावल)

धाग्यावर लक्ष ठेवून आहे. आमच्या पॉमेरियनला पण कुशिंगचा संशय आहे.

पशुवैद्य_धुळे

भुसावळ_जंक्शन यांनी सांगितलेली गोळी महत्त्वाची आहे म्हणून जोडतो. २००८ मध्ये अमेरिकेतून ४८ कुत्र्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात फिओच्या (फिओक्रोमोसायटोमाच्या) ऑपरेशनआधी ही गोळी दिलेल्यांमध्ये मृत्यू १३ टक्के आणि न दिलेल्यांमध्ये ४८ टक्के. नंतरच्या अभ्यासांत एवढा मोठा फरक दिसला नाही, तरी बरेच सर्जन ती देतात. मोतीच्या बाबतीत टेस्टवरून कॉर्टिसोलची गाठ वाटते, तरी फिओ नाही ना हे तपासून घ्या, कारण एकाच कुत्र्यात दोन्ही असू शकतं, आणि टेबलावर गाठीला हात लागला की बीपी आकाशाला भिडतं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी माहीत असलं पाहिजे.

चोपड्याची_लेक (सध्या पुणे)

मी प्राण्यांच्या रेडिओलॉजीत काम करते, माहेर चोपडा, म्हणून हा धागा बघून राहवलं नाही.

तापीकाठचा दादा, रिपोर्टमध्ये जे वर्णन आहे ते जन्मजात प्रकारांपैकी एका प्रकाराशी जुळतं. व्हेना कावा गर्भात एका तुकड्यात बनत नाही, वेगवेगळ्या गर्भशिरांचे तुकडे जोडले जाऊन एक शीर तयार होते. एखादा तुकडा बनलाच नाही तर किडनी आणि लिव्हर यांच्यामध्ये शीर तुटलेली राहते आणि मागच्या पायांचं, दोन्ही किडन्यांचं सगळं रक्त अझायगस नावाच्या शिरेतून छातीत जातं. भुसावळकरांना पटकन समजेल, मेन लाइन टाकलीच गेली नाही आणि सगळी वाहतूक बायपासवरून चालू आहे. लिव्हरचं रक्त मात्र त्याच्या स्वतःच्या शिरांतून सरळ हृदयाकडे जातं. असं कुत्रं जन्मभर ठणठणीत राहू शकतं, कुणाला पत्ता लागत नाही, दुसऱ्या कशासाठी तरी सोनोग्राफी होते तेव्हा कळतं. छातीचा जुना एक्स-रे असेल तर काढून बघा, हृदयाच्या मागे व्हेना कावाची जी सावली दिसते ती अशा कुत्र्यात बारीक दिसते किंवा दिसतच नाही.

पण दुसरीही शक्यता आहे आणि ती तपासावीच लागेल. शीर जन्मतः ठीक असेल, पण गाठ हळूहळू आत वाढून ती बंद झाली असेल आणि म्हणून अझायगस फुगली असेल. सोनोग्राफीत दोन्ही सारखंच दिसू शकतं. अर्थ मात्र उलटा. जन्मजात असेल तर गाठ कदाचित शिरेला लागलेलीच नाही. बंद झाली असेल तर गाठ आत शिरलीय. २००३ साली ४० कुत्र्यांचा एक अभ्यास आला होता, त्यात कॉर्टेक्सच्या (ग्रंथीच्या बाहेरच्या थराच्या) गाठींपैकी ११ टक्के आणि फिओपैकी ५५ टक्के गाठींच्या गुठळ्या शिरेत सापडल्या होत्या, म्हणजे ही शक्यता नुसती पुस्तकी नाही.

सीटी करताना एक सांगा, कॉन्ट्रास्टच्या (शिरा उठून दिसाव्यात म्हणून देतात ते औषध) सगळ्या फेज, म्हणजे थोड्या थोड्या वेळानं घेतलेले स्कॅन, घ्या, उशिराची फेज चुकवू नका. किडनीकडून येणारं कॉन्ट्रास्टवालं रक्त आणि मागच्या पायांकडून येणारं साधं रक्त एकत्र मिसळतं तिथे शिरेत काळपट डाग दिसतो, गुठळी असल्यासारखा. गुठळी नसते ती. थोडं थांबून परत स्कॅन केलं की डाग जातो. खरी गाठीची गुठळी असेल तर ती राहते आणि बऱ्याचदा स्वतःसुद्धा कॉन्ट्रास्ट घेते. ह्या एका गोष्टीवरून ऑपरेशन करायचं की नाही ते फिरू शकतं. आणि छातीचा सीटीही त्याच भुलीत करून घ्या, फुफ्फुसात पसरलंय का ते कळतं आणि अझायगस शेवटपर्यंत कशी जाते तेही.

पांझराकाठ (धुळे)

मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. १० वर्षांचा कुत्रा आहे. प्रवास, भूल, चिरफाड, परत आयसीयू. गोळीवर ठेवून जेवढे दिवस आहेत तेवढे घरी सुखात जाऊ द्यावेत असं मला वाटतं. आमच्या कुत्रीला आम्ही ट्रिलोस्टेन ह्या कुशिंगच्या गोळीवर ठेवलं होतं, पाणी पिणं कमी झालं, केस परत आले, चांगले दिवस गेले तिचे.

तापीकाठचा

पांझराकाठ दादा, राग कशाचा, हा प्रश्न आमच्या घरात रोज निघतो. आई अगदी हेच म्हणते. मला फक्त हे कळायला पाहिजे की ऑपरेशन शक्य असताना आपण भीतीनं नाही म्हणतोय की खरंच शक्य नाही.

पशुवैद्य_धुळे

गोळीचा रस्ता चुकीचा नाही. २०११ च्या एका अभ्यासात अ‍ॅड्रीनलच्या गाठीवाल्या कुत्र्यांना ट्रिलोस्टेनवर ठेवलं तर मधला आकडा ३५३ दिवसांचा निघाला, म्हणजे अर्धी कुत्री साधारण वर्षभर किंवा त्याहून जास्त जगली. गोळी कॉर्टिसोल कमी करते, गाठ कमी करत नाही. गाठ वाढत राहिली तर ती शिरेत शिरू शकते किंवा फुटून पोटात रक्तस्राव होऊ शकतो, आणि तसं झाल्यावर घाईत केलेल्या ऑपरेशनमध्ये मृत्यूचं प्रमाण ठरवून केलेल्यापेक्षा बरंच जास्त असतं. उलट ठरवून केलेल्या ऑपरेशनमधून जी कुत्री पहिले दोन आठवडे पार करतात ती बऱ्याचदा वर्षानुवर्षं जगतात. परदेशात शिरेत शिरलेल्या गाठींना नेम धरून रेडिएशनही देतात, पण ते आपल्या हाताशी नाही.

ऑपरेशनकडे जायचं ठरलं तरी आधी काही आठवडे ट्रिलोस्टेन देऊन कॉर्टिसोल खाली आणतात. कॉर्टिसोल वाढलेल्या कुत्र्याची जखम भरत नाही, जंतुसंसर्ग लवकर होतो आणि रक्त गोठण्याकडे झुकलेलं असतं. म्हणजे आत्ता गोळी सुरू करा, सीटीची तारीख घ्या, दोन्ही गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आणि आपल्या भागात हे विसरू नका, गोचीड ताप. एर्लिकिया असेल तर प्लेटलेट कमी असतात, कधी काही लक्षणच नसतं, आणि अशा ऑपरेशनला कमी प्लेटलेट घेऊन जाणं म्हणजे मोठा धोका. स्मिअर आणि किट दोन्ही करा. रक्त देणाऱ्या कुत्र्याचंही तेच.

नंदुरबारी_ताई

आमच्या शिह त्झूची गोष्ट थोडी वेगळी आहे पण इथे उपयोगी पडेल. तिची गाठ डावीकडची होती आणि सीटीत कळलं की तिला जन्मतःच पोर्टल शंट आहे, म्हणजे आतड्यांकडचं रक्त लिव्हरमधून गाळून न जाता एका आडवाटेच्या शिरेनं, स्प्लीनकडून डायफ्रामच्या (छाती आणि पोटामधला पडदा) कडेनं, सरळ मोठ्या शिरेत. ८ वर्षांची होईपर्यंत कुणाला कळलं नव्हतं, फक्त वाढ कमी आणि कधीमधी उलट्या. ऑपरेशन लगेच केलं नाही. आधी आहार बदलला, लॅक्टुलोज दिलं, मग तयारी करून नेलं. आम्ही सुरतला नेतो नेहमी, आमच्याकडून तेच सोयीचं पडतं, पण ह्या कामाला मुंबईलाच जावं लागलं.

चोपड्याची_लेक

नंदुरबारी ताई, डायफ्रामच्या कडेनं जाणारे शंट असेच उशिरा सापडतात, श्वास घेताना आणि पोट भरलं की ती शीर दबते, त्यामुळे त्रास कमी राहतो. आणि डाव्या गाठीच्या ऑपरेशनमध्ये ही शीर नेमकी त्याच कोपऱ्यात येते जिथे सर्जन फ्रेनिकोअ‍ॅबडॉमिनल शोधत असतो. साधी छोटी शीर समजून तीच बांधली तर आतड्यांकडच्या रक्ताचा दाब एकदम चढतो, कुत्रं टेबलावरच दगावू शकतं. तुमच्या डॉक्टरांनी थांबून तयारी केली ते फार चांगलं केलं.

तिसरा प्रकार राहिला, तोही लिहून ठेवते, कुणाला लागेल. काही कुत्र्यांना किडनीच्या मागे एकाऐवजी दोन व्हेना कावा असतात, महाधमनीच्या दोन्ही बाजूंना एकेक. डावीकडे काम करताना तिथे एवढी मोठी शीर असेल अशी अपेक्षा नसते. आणि गुठळी काढायला रक्त थोडा वेळ थांबवायचं असेल तर दोन्ही शिरा धरायला लागतात, एकच धरली तर दुसरीकडून रक्त येतच राहतं. कधी उजवी मूत्रनलिका शिरेच्या मागून वळसा घेऊन जाते, तीही कापली जाऊ शकते. किडनीला दोन धमन्या असणं तर कुत्र्यांत तसं नवलाचं नाही, विशेषतः डावीकडे.

पशुवैद्य_धुळे

नंदुरबारी ताईंच्या पोस्टला जोड. शंट असलेल्या कुत्र्याचं लिव्हर छोटं असतं, भुलीची औषधं शरीरातून लवकर बाहेर पडत नाहीत, साखर घसरते, अल्ब्युमिन कमी असतं. लिव्हरचं काम बघायला बाईल अ‍ॅसिडची टेस्ट करतात, जेवणाआधी आणि नंतर. पण कुशिंगमध्येही लिव्हर सुजून तो आकडा थोडा वाढू शकतो, तेव्हा नुसत्या थोड्या वाढीवर शंट आहे असं ठरवू नका, शीर डोळ्यांनी दिसायला हवी.

तापीकाठचा

अपडेट. सीटी मुंबईत झाला. गाडीनंच गेलो, जळगावहून संध्याकाळी निघून धुळे-नाशिक मार्गे रात्रभर, म्हणजे ऊन नको. ट्रेनची पण चौकशी केली होती, एसी फर्स्टचा अख्खा कूपे मिळाला तरच कुत्रा सोबत घेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी, आणि धापा टाकणाऱ्या कुत्र्याला मी त्या पेटीत ठेवणार नव्हतो.

रिपोर्ट असा की उजव्या अ‍ॅड्रीनलची गाठ २.९ सेंमी. व्हेना कावा किडनीच्या पुढे तुटलेली, जन्मजात, अझायगसमधून रक्त छातीत. उशिराच्या फेजमध्ये शिरेत गुठळी नाही (चोपड्याच्या ताई, तुमच्यामुळे हे मुद्दाम विचारलं, त्यांनी ती फेज घेतलीच होती). गाठ त्या अझायगसला एका बाजूनं टेकलेली, आत शिरलेली दिसत नाही. फुफ्फुसं स्वच्छ. लघवीतून फिओचा पुरावा नाही. प्लेटलेट ठीक.

सर्जन बाई तासभर बोलल्या आमच्याशी, कागदावर चित्र काढून दाखवलं. म्हणाल्या करता येईल, पण त्या जाड शिरेला इजा झाली आणि ती बांधायची वेळ आली तर पर्याय नाही.

चोपड्याची_लेक

दादा, जन्मजात निघालं आणि गुठळी नाही, म्हणजे दोन उत्तरांपैकी चांगलं उत्तर मिळालं.

त्या असं का म्हणाल्या ते सांगते. नेहमीच्या कुत्र्यात गाठीनं व्हेना कावा हळूहळू बंद केली असेल तर शरीर आजूबाजूनं दुसऱ्या वाटा काढतं आणि मग वेळ पडली तर ती शीर कापूनही टाकतात, कुत्रं निभावून नेतं. मोतीमध्ये अझायगस हीच एकमेव वाट आहे. मागच्या अर्ध्या शरीराचं आणि दोन्ही किडन्यांचं रक्त त्यातूनच परत येतं. ती बांधली तर किडन्या जागच्या जागी फुगतील, हृदयाकडे रक्तच पोचणार नाही. ती धरायची ठरवली तरी पुढचा भाग डायफ्रामच्या मागून छातीत शिरतो, पोटातून तिथवर हात नीट पोचत नाही. त्यामुळे गाठ सोलताना शिरेची भिंत सोडून गाठीच्या बाजूनं जायचं, छोट्या फांद्या एकेक करून बांधायच्या, आणि शिरेला छोटं भोक पडलंच तर पूर्ण न थांबवता बाजूनं चिमटा लावून बारीक टाका घालायचा. हे सगळं आधी माहीत असलेला सर्जन आणि पोट उघडल्यावर कळलेला सर्जन ह्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

पशुवैद्य_धुळे

ऑपरेशनच्या आधी त्यांना विचारून घ्या: रक्त तयार आहे का, क्रॉसमॅच (रक्त जुळतं का ती तपासणी) झालं का, आयसीयूत रात्री कोण असतं, बीपी नळीतून सतत मोजणार का. सलाइन पुढच्या पायात किंवा मानेच्या शिरेत लावणार ना हेही विचारा, मागच्या पायातून दिलेलं औषध त्याच वाटेनं जाणार जिथे काम चालू आहे. रक्तासाठी २५ किलोच्या वरचा, तरुण, लसीकरण झालेला, गोचीड तापाची तपासणी झालेला कुत्रा पाहिजे. खर्चाचा अंदाज लेखी घ्या, त्यात आयसीयू आणि रक्त धरून, नाहीतर नंतर ताण येतो.

आणि गुठळीची भीती मोतीला दोन्हीकडून आहे. कुशिंगमुळे रक्त गोठायला टपलेलं, आणि अशा फुगलेल्या वळणदार अझायगसमध्ये गुठळ्या झाल्याच्या केसेस नोंदलेल्या आहेत. ऑपरेशननंतरचे पहिले तीन दिवस फुफ्फुसात गुठळी जाण्याचे. श्वास वाढला की लगेच सांगायचं, सकाळची वाट बघायची नाही.

भुसावळ_जंक्शन

रक्तासाठी माझा भाचा त्याचा दुसरा लॅब घेऊन यायला तयार आहे, तो कल्याणला राहतो, ३२ किलोचा आहे, तपासण्या करून घेऊ. तारीख कळवा.

केळीबाग_रावेर

पांझराकाठ दादांचं मत मला पण बरोबर वाटत होतं, पण आता सगळं वाचून वाटतं की करावं. मोतीला शुभेच्छा.

पांझराकाठ (धुळे)

गाठ शिरेत गेलेली नाही म्हणताय तर माझंही मत बदललं. धुळ्यात थांबायचं झालं तर घर आपलंच समजा, हायवेपासून जवळ आहे, रात्री कितीही वाजू दे.

तापीकाठचा

झालं. मोती घरी आहे.

गाठ आणि शीर यांच्यामध्ये पातळ पडदा होता, सर्जन बाईंना तो सोडवत न्यायला वेळ लागला, एका ठिकाणी शिरेतून रक्त आलं ते बाजूनं धरून टाका घातला. रक्त एक पिशवी लागली, भाच्याच्या लॅबचंच, त्या मुलाचे उपकार आम्ही विसरणार नाही. दुसऱ्या रात्री मोतीचा श्वास वाढला, लगेच ऑक्सिजनमध्ये ठेवलं, तपासलं, सकाळपर्यंत कमी झाला. नेमकं काय झालं ते सिद्ध झालं नाही, पण रक्त पातळ ठेवायचं औषध चालू ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून उभं करून थोडं थोडं चालवत होते.

बायोप्सीत कॉर्टेक्सचा कॅन्सर निघाला, कडा मोकळ्या आहेत. येताना पांझराकाठ दादांकडे थांबलो, वहिनींनी मोतीसाठी मीठ न घालता चिकन शिजवून ठेवलं होतं.

आता प्रेडनिसोलोन चालू आहे. पाणी पिणं निम्म्यावर आलंय. आई म्हणते एवढ्या गोळ्या कशाला, आता गाठ तर गेली. तिला नीट कसं समजावू?

पशुवैद्य_धुळे

फार बरं वाटलं. आईंना असं सांगा की जी डावी ग्रंथी बारीक दिसत होती ती अजून झोपेतच आहे. शरीराला रोज लागणारं कॉर्टिसोल आता ह्या गोळीतूनच मिळतंय. डोस हळूहळू कमी करतात, त्याला आठवडे, कधी महिने लागतात, आणि मधे एसीटीएच टेस्ट करून ग्रंथी जागी झाली का बघतात. मनानं गोळी बंद केली आणि उलटी, जुलाब, अंग गार पडणं, उठताच न येणं असं दिसलं तर ती इमर्जन्सी आहे, त्याच तासाला दवाखाना. सोडियम-पोटॅशियम पण तपासत राहा. प्रवास, फटाके, दुसरं एखादं आजारपण असेल तेव्हा डोस वाढवावा लागतो, तो किती ते तुमच्या डॉक्टरांना आत्ताच विचारून लिहून ठेवा. सोनोग्राफी दर तीन महिन्यांनी, आणि छातीचा एक्स-रे. पुढे कधीही भूल द्यायची वेळ आली, साधे दात साफ करायचे असले तरी, त्याच्या फाइलवर पहिल्या पानावर शिरेची रचना लिहिलेली असू द्या आणि सीटीची सीडी जपून ठेवा.

सातपुडा_वारा (यावल)

डॉक्टर, आमच्या पॉमेरियनची सोनोग्राफी आज झाली. डावीकडे १.२ सेंमीची गाठ म्हणताहेत, पण पाणी, भूक, केस सगळं नॉर्मल आहे, कॉर्टिसोलची टेस्टही नॉर्मल. हा धागा वाचून घाबरलेय. लगेच मुंबई गाठू का?

पशुवैद्य_धुळे

घाबरू नका ताई. २ सेंमीच्या आतली, हार्मोन न सोडणारी, शिरेत न गेलेली गाठ बऱ्याचदा नुसती नजरेखाली ठेवतात. बीपी दोन-तीन वेगळ्या वेळी मोजा, फिओसाठी लघवीची तपासणी पाठवा, आणि महिन्याभरानं त्याच डॉक्टरांकडून, त्याच मशीनवर परत माप घ्या. वाढली किंवा बीपी वर आलं तर मग सीटी. सोनोग्राफीवाल्यांना आत्ताच फोन करून विचारा की व्हेना कावा किडनीपासून लिव्हरपर्यंत सलग दिसली का, आणि ते रिपोर्टवर लिहून घ्या.

सातपुडा_वारा (यावल)

विचारलं. सलग दिसली म्हणाले, लिहून देताहेत. लघवीचा नमुना उद्या सकाळी पाठवते.